कोलायटिसच्या गोळ्या बंद करून वैद्यांचं औषध घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ २९ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. २०२३ च्या पावसाळ्यात आव आणि रक्त पडायला लागलं. मूळव्याध समजून कितीतरी महिने मलमं लावण्यात गेले. शेवटी दुर्बिणीनं तपासल्यावर मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. मेसालामाइनच्या गोळ्या रोज २.४ ग्रॅम चालू आहेत आणि गेले चार महिने रक्त नाही. आता गडहिंग्लजकडचे एक वैद्य म्हणतात, "केमिकलच्या गोळ्या पूर्ण बंद करा, तीन महिने माझं औषध आणि पथ्य, आजार मुळासकट जाईल." आई वैद्यांच्या बाजूची, थोरली वहिनी गोळ्यांच्या बाजूची, आणि तुम्ही मधे सापडलाय.

मी कोल्हापुरात पोटविकारांचा डॉक्टर आहे. हा प्रश्न माझ्या ओपीडीत इतक्यांदा येतो की आता पेशंट खुर्चीत कसा बसतो त्यावरूनच मला कळतं. उत्तर आधी देऊन टाकतो: गोळ्या बंद करू नका. वैद्यांच्या औषधात काय आहे ते नीट कळलं आणि त्यात धोक्याचं काही नसलं, तर ते गोळ्यांच्या सोबत घ्यायला माझी हरकत नाही. माझा आक्षेप झाडपाल्यावर नाही, 'बंद करा' या दोन शब्दांवर आहे.

आता कारणं. हा आजार एकसारखा चालत नाही. काही महिने उसळतो, मग काही महिने शांत बसतो, कधी कधी औषधाविनासुद्धा. नव्या औषधांची चाचणी होते तेव्हा एका गटाला नुसत्या बिनऔषधी गोळ्या देतात. त्या गटातही साधारण दहातल्या एका रुग्णाचा आजार काही आठवड्यांत शांत होतो. म्हणजे उसळी ओसरायच्या वेळी तुम्ही जे काही घेत असाल, मग तो काढा असो, अंगारा असो की माझी गोळी, श्रेय त्यालाच जातं. म्हणूनच औषधाचा गुण ठरवायला दोन गट करून तुलना करावी लागते. एकट्या माणसाच्या अनुभवावरून ते कळत नाही, आणि त्यात त्या माणसाचा खोटेपणा काही नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे निदान. आपल्याकडं पोट बिघडलं, आव पडली, मुरडा आला की चिठ्ठीवर सर्रास 'कोलायटिस' लिहितात. त्यातले बरेचसे अमीबाचे किंवा जिवाणूंचे जुलाब असतात, काही जणांना नुसता आयबीएस, म्हणजे आतड्याला सूज नसताना पोट बिघडत राहणं, असतो. कुड्याच्या सालीत अमीबावर चालणारं द्रव्य खरंच आहे. त्यामुळं अमीबाच्या आवेवर कुड्याच्याच सालीच्या कुटजारिष्टानं एखाद्याला आराम पडला तर मला नवल वाटत नाही. पण मग तो माणूस गावभर सांगत सुटतो, "माझा कोलायटिस काढ्यानं गेला." तुमच्या भावाचं निदान दुर्बीण आणि बायोप्सी करून झालंय. गुदाशयापासून वर डाव्या बाजूपर्यंत आतड्याचं अस्तर सलग सुजलेलं आणि सोललेलं आहे. इथं शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या आतड्यावर उलटलेली असते, बाहेरचा किडा मारून भागत नाही. तेव्हा कोणी बरं झाल्याचं सांगितलं तर आधी एवढंच विचारा: दुर्बीण केली होती का, आणि बरं झाल्यावर पुन्हा केली का?

कारण 'बरं वाटतंय' हा या आजारात पुरावा होत नाही. रक्त थांबतं, संडास दिवसातून एकदाच होते, तरी आत अस्तर सुजलेलं असू शकतं, आणि अशांचा आजार पुन्हा लवकर उसळतो. हे पाहायला दर वेळी दुर्बीण लागत नाही. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी आहे. आकडा दर ग्रॅमला १५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आजार बहुधा शांत आहे. २५० च्या वर चढत असेल तर लक्षणं नसली तरी सावध व्हायचं. आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतोच की. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. पाणी दारात यायची वाट कोण बघत बसतं? कॅल्प्रोटेक्टिनचा आकडा तसाच बघायचा. भावाचा आत्ताचा आकडा तुमच्या पत्रात नाही. तो आधी काढा. पुढचं कोणतंही औषध, माझं किंवा वैद्यांचं, लागू पडतंय की नाही हे त्यावरून जोखता येईल.

आता झाडपाल्याबद्दल. 'याला काही आधार नाही' असं म्हणून हात झटकणारे डॉक्टर असतात. ते खरं नाही. आधार आहे, पण लोक समजतात तिथं तो नाही.

हळदीचंच घ्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मेसालामाइनचा भरपूर डोस घेऊनही आजार धुमसत असलेले ५० रुग्ण होते. निम्म्यांना मेसालामाइनसोबत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं औषधी द्रव्य, दिलं. चार आठवड्यांनी त्या गटातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. त्याआधी, २००६ मध्ये, जपानमध्ये ८९ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या औषधासोबत दिवसाला २ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास, न घेणाऱ्यांमध्ये २० टक्के. चांगले आकडे आहेत, आणि मी स्वतः काही पेशंटना कर्क्युमिन लिहून देतो.

पण दोन्हीकडं 'सोबत' हा शब्द आहे तो बघा. मेसालामाइन बंद करून कोणी कर्क्युमिन दिलं नव्हतं. आणि डोस बघा. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. सांगलीच्या बाजारातली उत्तमातली उत्तम राजापुरी हळद आणली तरी ३ ग्रॅम कर्क्युमिनसाठी रोज १०० ग्रॅम हळद पोटात जायला हवी. रात्री दुधात चमचाभर टाकून ते होत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये दिवसाला ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, फरक पडला नाही. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल प्या, औषध म्हणून त्याची गणती करू नका. कॅप्सूल घ्यायची तर डॉक्टरला विचारून. अंगी लागावी म्हणून मिरीचा अर्क घालून केलेल्या कॅप्सूलनी काहींच्या यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत.

इसबगोल हे दुसरं. १९९९ मध्ये स्पेनमध्ये आजार शांत असलेल्या १०५ रुग्णांचे तीन गट केले. एकाला इसबगोलाचं बी, १० ग्रॅम दिवसातून दोनदा. दुसऱ्याला मेसालामाइन, तिसऱ्याला दोन्ही. वर्षाअखेर आजार उलटला तो अनुक्रमे ४०, ३५ आणि ३० टक्के लोकांचा. नैसर्गिक उपायांच्या बाजूनं मला माहीत असलेला सगळ्यात जोरदार पुरावा हाच, म्हणून लपवत नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात घ्या. मेसालामाइन तिथं दिवसाला १.५ ग्रॅमच होतं, आजच्या मानानं कमी. आणि चाचणी लहान होती, एवढ्याशा फरकावरून 'दोन्ही सारखेच' असा निकाल देता येत नाही. आजार शांत असताना इसबगोल भरपूर पाण्यातून घ्यायला काहीच अडचण नाही. उसळीत मात्र पोट फुगतं, तेव्हा नको.

ताक हेच औषध, असं आई म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपकारक जिवाणूंची, एक मोठी चाचणी आपल्याच देशात, लुधियानाच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनी ४३ टक्के लोकांचा आजार शांत, बिनऔषधी गटात १६ टक्के. पण त्यात ठरावीक आठ जातींचे जिवाणू, एका वेळी ३.६ लाख कोटी, असे दिवसातून दोनदा दिले होते. घरचं ताक पोटाला चांगलं, पण ते हे औषध नव्हे.

कोरफडीचा गर, गव्हांकुराचा रस, शल्लकी (सालईचा डिंक) यांच्यावरही लहान लहान अभ्यास झालेत, आशा वाटावी इतपत. त्यावर गोळी सोडावी इतपत मुळीच नाहीत. कोरफड घेणार असाल तर सालीलगतचा पिवळा चीक पूर्ण काढून. तो रेचक असतो.

आता धोक्याची बाजू, कारण 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हा समज मला सगळ्यात जास्त छळतो. जपानमध्ये निळीच्या झाडापासून केलेली एक पारंपरिक पूड या आजारावर घेतात. तिचा गुण येतो, चाचणीत सिद्ध झालाय. पण ती घेणाऱ्या काहींच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं दिसलं आणि २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. ज्याला खरा गुण आहे त्याला दुष्परिणामही असू शकतो, मग ते झाडावर उगवो की कारखान्यात बनो.

आपल्याकडं मी तीन गोष्टींवर नजर ठेवतो. पहिली पर्पटी. ग्रहणी आणि जुनाट जुलाबांवर रसपर्पटी, पंचामृत पर्पटी देतात. त्यात पारा आणि गंधक असतात, पंचामृतात लोह, ताम्र आणि अभ्रकही. वैद्य म्हणतात शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केलेलं असतं. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी तपासणीत इंटरनेटवरून मागवलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी दर पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आधीच सोललेल्या आतड्याच्या माणसाला महिनोन्महिने हे देणं मला पटत नाही. दुसरी गुळवेल. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, पण पुढं देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. प्रतिकारशक्ती चाळवणारी वनस्पती प्रतिकारशक्तीच्याच आजारात देणं हे मला उलटं वाटतं, शिवाय कोलायटिसवाल्यांत काहींना पित्तनलिकांचा आजारही सोबत असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे बिननावाची पुडी. चार दिवसांत रक्त बंद, भूक दणकून, महिन्याभरात चेहरा गोल आणि वजन वाढलेलं असं दिसलं की मला त्या पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय येतो. अशी पुडी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, म्हणून ती घेतलेली असेल तर डॉक्टरपासून लपवू नका. तुमच्या वैद्यांबद्दल मी असं काहीही म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. बाटलीवर किंवा डबीवर घटक, बॅच नंबर आणि उत्पादन परवाना आहे का, एवढं बघा. 'गुरूंनी दिलेलं गुपित आहे' असं उत्तर आलं तर उठून या.

गोळ्यांबद्दल घरात जी भीती आहे तिच्यात मला दोन औषधांची सरमिसळ दिसते. गोल चेहरा, ठिसूळ हाडं, वाढती साखर हे स्टेरॉइडचे परिणाम. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड उसळी विझवण्यापुरतं, काही आठवडे, हळूहळू कमी करत बंद करायचं असतं. ते कायमचं औषध नाही, आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणणं तर अजिबात नको. मेसालामाइन वेगळं. ते बहुतांशी आतड्याच्या अस्तरावरच काम करतं, सवय लावत नाही. किडनीला त्रास क्वचित होतो, म्हणून वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन बघायचं, संपलं. उलट गोळ्या सोडल्यावर काय होतं ते २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. आजार शांत असलेल्यांपैकी ज्यांनी मेसालामाइन नेमानं घेतलं नाही त्यांना तो उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त होता. तुमचा भाऊ आत्ता नेमका त्या वळणावर उभा आहे. दिवसातून तीनदा गोळ्या घ्यायचा कंटाळा येत असेल तर सगळा डोस एकदम, एका वेळी घेतला तरी चालतो. हे फार जणांना माहीतच नसतं. डॉक्टरना विचारून तसं करून घ्या.

एक गंमत सांगतो. गुदाशयाजवळच्या सुजेवर मेसालामाइनचा एनिमा किंवा खालून घालायची गोळी तोंडानं घ्यायच्या गोळीपेक्षा सरस असते, दोन्ही मिळून तर उत्तमच. मी लिहून दिलं की बाप्ये मान खाली घालतात आणि एनिमा फ्रिजवरच पडून राहतो. तोच माणूस वैद्यांकडं पिच्छाबस्तीला, म्हणजे औषधी काढ्याच्या एनिमाला, मात्र आनंदानं जातो! अहो, रस्ता तोच आहे. जखमेच्या जागी औषध पोचवायचं हे वैद्यांना शतकांपूर्वी उमगलं होतं, त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे. बस्ती चालते तर एनिमाही चालवून घ्या.

मेसालामाइननं भागत नाही तेव्हा पुढची औषधं येतात: अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं, टोफासिटिनिब. यांचे धोके खरे आहेत. अझाथायोप्रिननं पांढऱ्या पेशी घटू शकतात, टोफासिटिनिबनं नागीण उठू शकते, आणि इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिब सुरू करण्याआधी दबलेला टीबी शोधावाच लागतो. भावाला आज यांतलं काहीही लागत नाही. मेसालामाइन टिकवलं तर कदाचित कधीच लागणार नाही, म्हणून तर मी एवढा आग्रह धरतोय.

पथ्याचं म्हणाल तर तांबड्या रश्श्यानं हा आजार होत नाही. होत असता तर अर्धं कोल्हापूर माझ्याकडं असतं. उसळीत मात्र तिखट, कांदा-लसणाचा मसाला, कच्ची कोशिंबीर यांनी कळ आणि धावपळ वाढते. तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, केळं, ताक. दूध सोसत नसेल तर तेवढ्यापुरतं थांबवायचं, जन्मभर नाही. आजार शांत असताना घरचं सगळं खाऊ दे. मटण रोजचं नको, दारू नको. कडक पथ्यानं वजन आणि रक्त कमी झालेली पोरं मी बघतो, त्यांच्यात आजाराइतकीच उपासमार बोलत असते.

फौंड्रीच्या कामात कंबर धरते, म्हणून विचारतो: तो दुखण्याच्या गोळ्या घेतो का? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल. काढा घ्यायचा की नाही यावर घरात जेवढी चर्चा झाली, त्याच्या चौथाईसुद्धा यावर झाली नसणार.

एका परिस्थितीत वैद्य नाही, काढा नाही, मला फोनसुद्धा नाही, सरळ दवाखान्यात भरती: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि सोबत ताप, नव्वदच्या वर नाडी किंवा बरंच उतरलेलं हिमोग्लोबिन. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्या, नेहमीच्या हॉस्पिटलला न्या, पण त्याच दिवशी न्या. जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, आतडं फुगून फुटायची भीती असते. अशा झटक्यात पूर्वी माणसं दगावायची. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कॉर्टिसोनची चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हापासून चित्र पालटलं. आजही अशा रुग्णाला शिरेतून स्टेरॉइडच देतात, आणि तीनेक दिवसांत उतार नसेल तर पुढचं औषध किंवा ऑपरेशन ठरवतात.

एवढं सांगूनही आईंचं मन वैद्यांकडंच असेल तर वाद घालू नका, असं करा. मेसालामाइन चालू ठेवून वैद्यांचं औषध सुरू करा. सुरू करण्याआधी कॅल्प्रोटेक्टिन, हिमोग्लोबिन, यकृत आणि किडनीच्या तपासण्या. यकृताची महिन्यानं पुन्हा, सगळ्या तीन महिन्यांनी पुन्हा. वैद्यांना माझ्या गोळ्या सांगा आणि मला त्यांची औषधं दाखवा. आपल्या भागातले काही वैद्य स्वतःहून रुग्णाला दुर्बिणीसाठी माझ्याकडं पाठवतात, गोळ्या बंद करा असं ते म्हणत नाहीत. तुमचे वैद्य या अटींना तयार झाले तर चांगलंच आहे.

शेवटी तुम्ही लाजत विचारलेला प्रश्न, भावाच्या लग्नाचा. मेसालामाइननं मूल होण्यात अडचण येत नाही. स्वस्त पडतं म्हणून कोणी सल्फासालाझिनवर बदललं तर मात्र सांगा. त्यानं शुक्राणू कमी होतात, औषध बंद केल्यावर पूर्ववत होतात. मुलीकडच्यांना आजार आधीच सांगा, रिपोर्टसकट. त्यांना शंका असतील तर घेऊन या माझ्याकडं, मी बोलेन. आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: त्रास २०२३ मध्ये सुरू झाला, म्हणून आठ वर्षांनी, म्हणजे २०३१ मध्ये, कॅन्सरच्या तपासणीसाठी दुर्बीण, तेव्हा कितीही बरं वाटत असलं तरी.